भाच्याच्या कानात काय वाजतंय?

ताई, नमस्कार.

मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. घरात मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि गेल्या जूनपासून माझा भाचा. थोरली बहीण चिपळूणजवळच्या गावात असते. मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला म्हणून अकरावीसाठी तिनं त्याला माझ्याकडे पाठवलं. निघताना एवढंच म्हणाली, 'तुझ्या जिवावर धाडतेय हां.'

पोरगा कामाला वाईट नाही. पाणी भरतो, मामीला दळण आणून देतो. कॉलेजात बोलण्यावरून हसतात वाटतं, 'गावठी' म्हणतात, पण ते काय, चालायचंच. खरी काळजी गाण्यांची आहे. दिवसभर कानात ती बुचं. एकदा मी ऐकलं तर अख्खं गाणं चाकू, घोडा म्हणजे पिस्तूल, गेम वाजवणं म्हणजे कुणाला उडवणं, आणि बायकांबद्दल असं काही की मी तुम्हाला लिहू शकत नाही. मागे सोसायटीच्या सत्यनारायणाला माझ्या मुलीनं त्यातलीच एक ओळ सगळ्यांसमोर म्हटली. तिला अर्थ ठाऊक नाही, पण बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या रात्री मी भाच्याचा मोबाइल काढून घेतला. दप्तर तपासलं तर एक वही सापडली. त्यात त्यानं स्वतः रॅप लिहिलेत. एका पानावर 'तिघांना गाडणार, नाक्यावर पाडणार'. माझे हातपाय गार पडले. पंधरा दिवस झाले, तो माझ्याशी बोलत नाही. खाली मान घालून जेवतो आणि उठतो.

अशा गाण्यांनी पोरगं बिघडतं का? मोबाइल परत द्यावा का? बहिणीला सांगावं का? उद्या काही झालं तर तिला काय तोंड दाखवू?

एक मामा, विक्रोळी

*

दादा, नमस्कार.

आधी मोबाइलचं. आज ड्युटीवरून घरी गेलात की तो परत देऊन टाका. माझं बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल. गाणी तो मित्राच्या फोनवर ऐकत असणारच. बंद झालं असेल ते आईशी बोलणं, किंवा तेही तुमच्या फोनवरून, तुमच्या डोळ्यांदेखत करावं लागत असेल. देताना भाषण नको. 'घे, रागात काढून घेतला होता' एवढं म्हटलंत की झालं.

आता गाण्यांचं. या प्रश्नाशी माझी ओळख जुनी आहे. माझा धाकटा भाऊ कॉलेजात असताना काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून (ते दुकान आता राहिलं नाही) हेवी मेटलच्या कॅसेट आणायचा. गिरगावातली आमची दीड खोली, त्यात तो किंचाळणारा टेप. वडील म्हणायचे, हा एक दिवस आपल्या सगळ्यांना कापून काढणार. भाऊ बँकेत चिकटला, आता निवृत्तीला आलाय आणि झुरळ दिसलं की अजून खुर्चीवर चढतो. पण एका भावावरून नियम काढता येत नाही. तसा निघत असता तर तुम्हाला माझी गरजच नव्हती, आपापल्या भावांचे दाखले देणारे काका कुठल्याही बसस्टॉपवर भेटतात.

म्हणून जरा मोजूनमापून केलेलं काम बघू. २००३ साली अमेरिकेत क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रयोग प्रसिद्ध केले. कॉलेजची पाचशेहून जास्त मुलंमुली. काहींना मारामारीचे शब्द असलेली गाणी ऐकवली, काहींना तशाच बाजाची, पण तसे शब्द नसलेली. नंतर काय काय तपासलं, त्यात गाळलेलं अक्षर भरून शब्द पुरा करण्याचीही एक चाचणी होती. मराठीत करायचं तर 'मा_णे' असं लिहून द्यायचं. कुणी 'मागणे' लिहील, कुणी 'मानणे', कुणी 'मारणे'. हिंसक गाणी ऐकलेल्यांना 'मारणे'च्या जातीचे शब्द जास्त सुचले आणि मनातला वैरभावही थोडा चढलेला दिसला. म्हणजे तुमची शंका अगदीच खुळी नाही. पण हा परिणाम थोडाच वेळ टिकत असावा, मध्ये दुसरं काही घडलं की पुसला जात असावा, असं संशोधकच म्हणाले. आणि त्यांनी मोजले ते विचार आणि भावना. उठून कुणी कुणाला मारलं का, ते त्यात मोजलेलं नव्हतं.

तुमच्या गाडीत चढता चढता एखाद्यानं शिवी हासडली तर पुढचे दोन स्टॉप तुमचाही आवाज चढलेला राहतो. तिसऱ्या स्टॉपला एखादी आजी सुट्टे पैसे मोजून तुमच्या हातावर ठेवते आणि तो उतरतो. गाण्याचं साधारण तसंच आहे.

याच्या उलट बाजूचंही काम आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात २०१५ मध्ये अतिशय कर्कश, संतापलेलं संगीत आवडीनं ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी मुद्दाम राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या. मग निम्म्यांना त्यांच्या आवडीची गाणी लावून दिली आणि निम्म्यांना नुसतं शांत बसवलं. गाणी ऐकणाऱ्यांचा राग आणखी भडकला नाही, बसून राहिलेल्यांसारखाच निवला. २०१९ मध्ये सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी डेथ मेटल या हेवी मेटलच्याच आणखी भीषण प्रकाराचे चाहते आणि ते न ऐकणारे यांना एकाच वेळी एका डोळ्यापुढे हिंसेचं चित्र आणि दुसऱ्या डोळ्यापुढे साधं चित्र दाखवलं. माणसाचा मेंदू धोक्याचं चित्र आधी पकडतो. चाहत्यांचा मेंदूही ते इतरांइतकंच पकडत होता. वर्षानुवर्षं रक्तामांसाची गाणी ऐकून नजर मेली, असं काही दिसलं नाही. आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेत टोळीयुद्धाचं रॅप ऐन भरात होतं, त्याच वर्षांत तिथले हिंसक गुन्हे कमी होत गेले.

तरी तुमच्या मनातली भीती पूर्ण जाणार नाही, कारण ती शब्दांपेक्षा त्या बाजाची आहे. कॅरी फ्राइड नावाच्या संशोधिकेनं नव्वदच्याच दशकात पोलिसाला गोळी घातल्याचं वर्णन असलेल्या एका जुन्या अमेरिकी गाण्याचे शब्द लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं, हे गावाकडचं कंट्री गाणं आहे. काहींना सांगितलं, हे रॅप आहे. शब्द तेच, अक्षरही बदललेलं नाही. रॅप म्हणून वाचणाऱ्यांना ते कितीतरी जास्त धोकादायक वाटलं.

आपणही तेच करतो. शिवकाळातल्या अज्ञानदासाच्या पोवाड्यात अफझलखानाचा वध आहे, तो ऐकताना आपण पोरांना मांडीवर घेऊन बसतो. अर्थात एक फरक मी मान्य करते. पोवाड्यात खान कोण, तो का आला, काय करायला निघाला, हे सगळं येतं. हिंसेला मागचं-पुढचं असतं. आजच्या पुष्कळशा गाण्यांत मागचं-पुढचं काही नाही. मी मारतो, कारण मी मी आहे. मला त्यातलं धाडस कमी आणि कंटाळा जास्त जाणवतो, पण सोळाव्या वर्षी 'मी मी आहे' हेच सांगायचं असतं, त्यामुळे माझ्या कंटाळ्याला किंमत नाही.

आणखी एक आठवण मला स्वतःलाच टोचते. चाळीच्या गॅलरीत पाटावर हत्ती काढून आम्ही भोंडला खेळायचो. त्यात वेड्या नवऱ्याचं गाणं हमखास असायचं. बायको पलंगावर झोपलेली असते, वेडा डोकावून बघतो आणि मेली समजून तिला जाळून टाकतो. तुमच्या मुलीच्या वयाच्या आम्ही पोरी हे हसत हसत, फेर धरून म्हणायचो आणि मग खिरापत ओळखायला बसायचो. भोंडल्यामुळे कुणी सून जाळली असं मी कधीच म्हणणार नाही. पण सुना जाळल्या गेल्या, हेही खरं. आणि त्या गाण्यातल्या जळणाऱ्या बाईचं आमच्यापैकी एकीलाही काही वाटत नव्हतं, हेही खरं.

त्यामुळे 'गाण्यांनी काही होत नाही हो' असं म्हणून मी तुम्हाला मोकळं करणार नाही. हरिपाठानं मन निवतं असं आपण म्हणतो, मग बाकीच्या शब्दांनी काहीच होत नाही असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? माझं मत असं, की गाणं हातात चाकू देत नाही, पण तोंडात शब्द देतं, आणि शब्द रोज तोंडात असले की त्यांची लाज जाते. म्हणून मी तुमच्या जागी असते तर 'घोडा' आणि 'गेम' सोडून दिलं असतं आणि बायकांबद्दलच्या ओळींवर थांबले असते. त्या ओळी तुम्हाला मला लिहिता आल्या नाहीत, तरी पत्रात त्यांना अर्धंच वाक्य मिळालंय. चाकू मात्र आधी आलाय.

पंजाबात ही चर्चा फार झाली. जुलै २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं आदेश दिला की जाहीर कार्यक्रमांत दारू, ड्रग्ज आणि हिंसेचं कौतुक करणारी गाणी वाजता कामा नयेत. मे २०२२ मध्ये बंदुकांची गाणी गाणारे गायक सिद्धू मूसेवाला यांची गोळ्या घालून हत्या झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पंजाब सरकारनं बंदुकांचं गुणगान करणाऱ्या गाण्यांवर बंदी आणली. तिथं टोळ्या खऱ्या आहेत, हत्यारं खरी आहेत, म्हणून तिथं त्या शब्दांचा अर्थ वेगळा होतो. तुमच्या विक्रोळीच्या घरात बंदूक नाही. बाई आहे. तुमची बायको आहे, वाढती मुलगी आहे, त्याच्या वर्गात मुली आहेत. ज्या शब्दाला रोज वापरायला समोर माणूस सापडतं, त्या शब्दाची काळजी आधी करावी.

यावरही प्रयोग झालाय. पीटर फिशर आणि टोबियास ग्राइटेमायर यांचा, २००६ चा. पुरुषांना बायकांचा तिरस्कार करणारी गाणी ऐकवली. मग दुसऱ्या माणसासाठी तिखट सॉस वाढायला सांगितलं, किती वाढायचा तो ज्याचा त्यानं ठरवायचा. ती गाणी ऐकलेल्या पुरुषांनी पुरुषापेक्षा बाईला जास्त तिखट वाढलं. त्यांना बायकांचे दुर्गुणही जास्त आठवले. (पुरुषद्वेषी गाणी ऐकलेल्या बायकांचंही पुरुषांबाबत असंच काहीसं झालं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.) कुणी कुणाचा जीव घेतला नाही. चमचाभर तिखट जास्त पडलं, इतकंच. घरांत असंच होतं, चमचाचमच्यानं.

पण हे भाच्याला सांगायच्या आधी एक काम तुमचं आहे. गेल्या काही वर्षांत ज्या हळदींना गेलात, जिथं डीजे होता, तिथली गाणी आठवा. बाईला खायची वस्तू करून टाकणारी गाणी लागली, तेव्हा आपण काय केलं? मी सांगते, मी काय केलं: टाळ्या वाजवल्या. तुम्ही नाचला असाल तर तेही त्याच्याजवळ कबूल करा. नाहीतर तो म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की तुमची ती मजा आणि माझा तो बिघाड.

बोलायचं कसं? त्याला म्हणा, तुझ्या आवडीचं एक गाणं मला ऐकव आणि मला न कळलेले शब्द समजावून सांग. पूर्ण गाणं ऐका, मध्ये 'शी' म्हणू नका. मग विचारा, हा कुणावर एवढा चिडलाय? पहिल्या दिवशी एवढंच. दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी, भाजी निवडताना म्हणा किंवा बिल्डिंगच्या खाली म्हणा, बायकांच्या ओळीबद्दल सरळ बोला: 'ही ओळ मला नको वाटते. तुझी आई शेतावर राबून तुला पैसे पाठवते, मामी तुझा डबा करते, त्यांना हा शब्द लावून बघ.' आवाज चढवू नका. आणि घरातला नियम एकच ठेवा: लहान बहिणीच्या कानावर पडेल असं काही वाजवायचं नाही, गुणगुणायचंही नाही. ती सत्यनारायणाची ओळ म्हणायची नसते हे तिला सांगायचं काम त्यालाच द्या. दादानं सांगितलं की तिला पटेल. आणि तो शब्द आठ वर्षांच्या मुलीला समजावताना त्याची जीभ कुठं अडखळते, ते त्यालाच कळेल.

आता वही. इथं मला तुमचा थोडा राग आला. दप्तर तपासणं काळजीपोटी झालं असेल, पण सोळा वर्षांच्या मुलाकडे दीड-दोन खोल्यांच्या घरात स्वतःची म्हणून जी काही जागा होती, ती ती वही होती.

आणि तुम्ही कोकणातले. शक्ती-तुऱ्याचे सामने तुम्ही ऐकले नाहीत असं होणारच नाही. गावातल्या देवळापुढे ऐकले असतील, इथं मुंबईत थिएटरात रात्रभर बसून ऐकले असतील. समोरच्या शाहिराला कसा कसा लोळवतात, त्याची अक्कल काढतात, त्याला उभा चिरतात, सगळं शब्दांत. पहाटे दोघे एकाच टपरीवर चहा पितात. 'गाडणार-पाडणार' हे यमक मला तिथलंच वाटतं. रॅपमध्येही समोरासमोर उभं राहून शब्दांनी हरवण्याची रीत आहे. मुंबईत ती कुर्ल्याच्या, अंधेरीच्या, धारावीच्या गल्ल्यांतून वाढली, नेझी आणि डिव्हाइन हे रॅपर तिथूनच आले, आणि २०१९ च्या 'गली बॉय' सिनेमानंतर ती तुमच्या-माझ्या घरात पोचली. त्याच वर्षी 'स्वदेसी' या मुंबईच्या गटानं आरेच्या जंगलातल्या आदिवासींच्या बाजूनं, तिथल्याच प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारलींवरचं गाणं केलं. तेही रागाचंच होतं, फक्त त्या रागाला पत्ता होता.

तुमच्या भाच्याच्या रागालाही पत्ता आहे असं मला वाटतं. तुम्हीच लिहिलाय तो: कॉलेजात हसतात, गावठी म्हणतात, पण ते काय, चालायचंच. दादा, ते चालायचं नसतं. गावात ज्या बोलीत तो सगळ्यांत हुशार मुलगा होता, ती बोली इथं तोंडातून निघाली की वर्ग फिदीफिदी हसतो. मग त्यानं मुंबईची बोली शोधली, आणि कानात घालून मिळते ती सगळ्यांत टणक बोली उचलली. वहीतले 'तिघे' कोण, हे विचारा. माझा अंदाज आहे की त्यांची नावं त्याच्या हजेरीपटावर असतील.

विचारायचं दुसरं कारणही आहे. यमक जुळवून गाडणं वेगळं आणि ठरवून मारणं वेगळं, आणि तो फरक तुम्हालाच बघायला हवा. वहीत खरी नावं, जागा, वार, हत्यार असं काही असेल, तो खरंच काही घेऊन फिरत असेल, कुत्र्यामांजरांना इजा करत असेल, झोप उडाली असेल, कॉलेजला जाणंच सोडलं असेल, स्वतःला संपवायची भाषा करत असेल, तर मग गाण्यांचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलतात. सायन किंवा केईएमला मानसोपचाराची ओपीडी आहे, सकाळी जाऊन केसपेपर काढायचा. तुमच्या पत्रातला मुलगा पाणी भरतो आणि मामीचं दळण आणतो, त्यामुळे तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. पण कागदावरून मुलगा ओळखता येत नाही, तो तुमच्या समोर आहे, माझ्या नाही. आणि ते तिघं फारच छळत असतील तर कॉलेजात त्याच्या वर्गशिक्षकांना भेटा. एक दिवस रजा टाका, पण बेस्टचा युनिफॉर्म घालूनच जा हवं तर. माझ्या अनुभवात खाकीला ऑफिसात लवकर खुर्ची मिळते.

बहिणीला सांगायचं का? आत्ता फोनवरून नको. चिपळूणला बसून तिच्या कानावर 'चाकू' आणि 'गाडणार' एवढे दोनच शब्द पोचतील आणि ती रात्रीची गाडी पकडेल. तिला कॉलेजातल्या हसण्याबद्दल सांगा, तेही त्याला विचारून, तो शेजारी असताना. गाण्यांचं शिमग्याला गावी जाल तेव्हा समोरासमोर बोला, तोवर काय बोलायचं तेही बदललेलं असेल. तोंड दाखवायचं म्हणता, तर मोबाइल काढून घेणारा भाऊ हे तोंड काही फार बरं नाही.

बाकी, त्यानं एखादं कडवं आपल्या बोलीत लिहून बघावं असं माझ्या मनात आहे, पण ते तुम्ही सुचवू नका. मोठ्यांनी सुचवलं की त्याची गोडी जाते. शक्ती-तुऱ्याचा सामना कुठं लागला तर एक तिकीट जास्त काढा, एवढं करता येईल.

वही अजून तुमच्याकडे असेल किंवा गुपचूप दप्तरात परत ठेवली असेल. ठेवली असेल तर काढा, त्याच्या हातात द्या आणि वाचली म्हणून सांगा.